सात मिनिटं

फेरो बेटांवर झाड म्हणावं असं फारसं काही नाही.
वारा उभं राहू देत नाही.
जी थोडी आहेत ती कुंपणात, माणसांनी लावलेली,
शाळेच्या सहलीला दाखवण्यापुरती.
आणि क्लाक्सविकच्या बंदरावर, माशांच्या गोदामाच्या माडीवर बसून
रान्वा दर शुक्रवारी फांद्या छाटते.

आज एकशे चौदा आहेत.
काळ्या पडद्यावर एकाखाली एक :
तिकीट-दुरुस्ती,
तिकीट-दुरुस्ती-दोन,
तिकीट-दुरुस्ती-आता-नक्की,
एक नुसतीच 'बघू'.
कोणी काढली, कशासाठी काढली,
काढणाऱ्यालाही आता सांगता येणार नाही.

काढायला लागतं काय?
एक नाव. एका कमिटकडे दाखवलेलं बोट.
ना माती, ना पाणी.
म्हणून तर माजतात.

ज्या खोडात मिसळून गेल्या
त्या लहान डीने जातात, कुरकुर नाही.
खोडाला सगळं ठाऊक असतं त्यांचं.
शंभर गेल्या, तरी कॉफी कोमटच होती.

एकशे पहिली जात नाही.
'ही अजून कुठे मिसळलेली नाही,' टर्मिनल म्हणतं.
पुसण्याआधी ते पुसतं, एवढी रीत त्याला आहे.
खात्री असेल तर मोठा डी वापरा.

हानुस-सात-मिनिटं.

सहा वर्षांपूर्वीची.
हानुस इथे दोन हिवाळे होता, मग ट्रॉलरवर गेला.
पगार तिप्पट, म्हणाला,
आणि समुद्रात कोणी रिव्ह्यू मागत नाही.
रान्वा फांदी उघडते. अकरा ओळी.
बोटीच्या वेळापत्रकाच्या पोटात एक अट :
गुरुवार असेल,
आणि फेरी शेवटची असेल,
आणि धक्क्यावरचा दिवा पेटलेला असेल
तर सात मिनिटं थांब.
वर टिपण : मालेना येते. गुडघे.

खाली शेरा :
सातच का? कारण लिहा, नाहीतर काढा.
शेरा रान्वाचा.
हानुसने कारण लिहिलं नाही, काढलंही नाही.
फाटा फुटला होता, त्याला फाटा दिला गेला.

आता तिकडे बोटच जात नाही.
समुद्राखालून बोगदा आहे,
गाडीत एक गाणं संपायच्या आत पलीकडे.
बोगदा कोणासाठी थांबत नाही, त्याला थांबावं लागत नाही.
धक्क्यावर पोरं गळ टाकून बसतात.

पण एका गुरुवारी ती होती त्या बोटीवर.
हे तिला आत्ता आठवतंय, कर्सर लुकलुकत असताना.
कठड्याला टेकून घड्याळ बघत होती,
सामल कप्तानाच्या नावाने बोटं मोडत होती.
गाराच पडत होत्या.
मग उतारावरून प्लॅस्टिकचा क्रेट घेऊन कोणी आलं,
दर चार पावलांनी क्रेट खाली ठेवत,
आणि सामलने काही न बोलता फळी पुन्हा टाकली.

म्हणजे बोट थांबतच होती.
पत्रकाला तेवढं माहीत नव्हतं.

रान्वा मोठा डी दाबते.
कारण फेरीच नाही तर अट कसली,
कारण शुक्रवार आहे,
कारण तिचं कामच ते.
गेली, असं पडदा सांगतो,
आणि कंसात मागे ठेवतो सात अक्षरं,
आकडे नि अक्षरांचं कडबोळं,
नाव नसलेल्या गोष्टीचा पत्ता.
नाव गेलं म्हणून गोष्ट लगेच जात नाही.
काही आठवडे ती आतच असते,
कोणाच्या बोटाशिवाय,
झाडू फिरेपर्यंत.

भिंतीवर मासळी कंपनीचं कॅलेंडर आहे.
गुरुवारच्या चौकोनात ती पेनाने ती सात अक्षरं उतरवते,
एकदा ताडून बघते.
उरलेल्या तेरा फांद्या तशाच ठेवून दिवा घालवते.

सोमवारी होग्नी विचारतो, हे काय लिहिलंस?
राहू दे.
अगं पण कशाला?
ती कोट टांगते,
आणि त्याला कारण सांगत नाही.